देव्हारा न करता आठवण

मत्रहच्या कॉर्निशवर आपण सगळेच संध्याकाळी फिरतो. सूकमध्ये लोबान घेतो, पाहुण्यांना किल्ला दाखवतो. याच गावात एका बापलेकाने केलेलं काम मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

डॉ. शेरॉन थॉम्स हे अमेरिकन अरेबियन मिशनचे डॉक्टर. १९१३ साली टेलिफोनची तार ओढताना खांबावरून पडून ते इथेच गेले. मुलगा वेल्स तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा. तो पुढे डॉक्टर झाला, १९३९ मध्ये वडील गेले त्याच बंदरात आला आणि १९७० पर्यंत राहिला. डोळ्यांची ऑपरेशनं, कुष्ठरोग्यांची सेवा, दूरच्या गावांतून उंटांवर आणि गाढवांवर आणलेले रोगी, असा तो तीस वर्षांचा संसार. जुने ओमानी लोक त्या इस्पितळाला 'तोमसचं इस्पितळ' म्हणत. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ख्रिस्ती झालेले फारच थोडे, आणि ते दिसत असूनही दवाखाना चालूच राहिला. वडिलांच्या श्रद्धेवर मुलाने लिहिलेला याहून मोठा लेख मला तरी माहीत नाही.

आता आपल्या भाषेकडे या. वडील ख्रिस्ती झाले म्हणून घर दुभंगलं, आणि त्याच घरातून मराठीतलं एक थोर पुस्तक आलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या, तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच होता. शिवाशिवीचं ओझं त्यांनी टाकलं ते कुणी टाकायला लावलं म्हणून नव्हे. ते त्यांना स्वतःलाच पटेनासं झालं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये वारले. वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहायला सांगितलं, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागलं.

त्या पुस्तकातले टिळक आठवा. तापट, विसरभोळे, हातात पैसा न टिकणारे, बायकोला न सांगता परस्पर निर्णय घेणारे. लक्ष्मीबाईंनी यातलं काही झाकलं नाही, आणि मुलाने ते गाळलं नाही. मिशनच्या एखाद्या अहवालात 'आदर्श ख्रिस्ती' म्हणून टिळक चार ओळींत बसले असते. आज ते कुणी वाचले असते का? एवढा त्रास सोसलेल्या बाईने टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, यावरून त्या माणसाच्या श्रद्धेची किंमत कळते.

माझं म्हणणं असं, की आईवडिलांवर लिहिताना आपण त्यांचा देव्हारा करतो. दिवाळी अंकात दर वर्षी एक-दोन लेख असतात: 'माझी आई', 'आमचे अण्णा'. सगळे एकाच साच्यातले; वारी चुकली नाही, कुणाला कधी दुखावलं नाही. (माणूस साठ वर्षं संसार करतो आणि कुणाला दुखावत नाही?) अशा लेखातून आईही दिसत नाही आणि तिची श्रद्धाही नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. नगर, जालना, वसई इथली ख्रिस्ती मराठी कुटुंबं आखातात पुष्कळ आहेत. दर्सेतच्या कृष्णमंदिरात आपली गर्दी होते, तशी त्यांची रुवीच्या चर्चमध्ये. गणपतीत ती आपल्याकडे येतात, मुलं नाटकात काम करतात. पण त्यांच्या आईवडिलांवर लिहिलेलं आपण किती छापलं आहे? रोज रात्री मराठी बायबल वाचणारी वसईची आजी आपल्या 'माझी आई'त बसत नाही, असं आपण कधी म्हटलं नाही; पण तिच्याबद्दल कुणाला विचारलंही नाही. ती मराठी आपलीच आहे.

हिवाळ्यात तुमच्याकडे आईवडील येतील, कुणाकडे सासूसासरे. त्यांच्या आईवडिलांविषयी त्यांना विचारा. काय पूजलं आणि काय सोडलं, घरात कोण दुखावलं, कुणाशी बोलणं तुटलं आणि पुन्हा कसं जुळलं. दोन पानं पुरे. संपादकांना माझी विनंती आहे, त्यातला तापटपणा कापू नका.