तबकडीवरचे नाव नसलेले गृहस्थ

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जुन्या तबकड्या ऐकण्याची बैठक जमली होती. मंडळी सुशिक्षित, संगीताची जाण असलेली. ‘सौभद्रा’तील एक पद लागताच दोनतीन तोंडांतून एकदमच गायकाचे नाव निघाले. रागाविषयी थोडा वाद झाला, तोही मिटला. मग आम्ही सहज विचारले, “हे पद कुणाचे?” पुन्हा गायकाचेच नाव मिळाले. “तसे नव्हे, लिहिले कुणी?” यावर एक सद्गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, नाटकातल्या पदाला शब्द म्हणजे खुंटी. सुरांचा शेला टांगायला काहीतरी हवे, एवढेच!” बैठकीत वाद वाढवणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही, पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही, म्हणून हा लेख.

ही खुंटी ज्यांनी ठोकली ते बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३चा, मृत्यू १८८५चा. अवघे बेचाळीस वर्षांचे आयुष्य. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, आणि १८८२च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’ आले. ही पदे तेव्हा जितक्या घरांत गेली तितक्या घरांत त्यापूर्वी कोणाही एका मराठी पदकाराची नाटकातील पदे गेली नसतील. पण ती गेली माणसांच्या कंठांतून. हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यास झाला, तेव्हा अण्णासाहेबांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. त्यांची पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर हेही १९०१ साली निवर्तले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ती पदे रचली, ज्यांनी ती प्रथम गायिली, त्यांना फिरत्या तबकडीने गाठले नाही. तबकडीला मिळाली ती पदे, आणि ती गाणारी पुढची पिढी.

तबकडीने मोठे उपकार केले हे आम्ही प्रथमच मान्य करतो. ती नसती तर बालगंधर्वांच्या तरुण आवाजाविषयी आज आपण केवळ आजोबांच्या आठवणीच ऐकत बसलो असतो. आमची तक्रार जतन करण्याविषयी नाही, नामकरणाविषयी आहे. आरंभीच्या काळी कित्येक गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव तबकडीतच मोठ्याने सांगत. तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत. तेथल्या कारागिरांना कागदाची चिठ्ठी कोणत्या गाण्यावर डकवावी हे कळावे, हा त्यातला व्यवहार. गायकाचे नाव असे आवाजातही कोरले गेले आणि चिठ्ठीवरही छापले गेले. चिठ्ठीवर नाटकाचे नाव आले, पुष्कळदा रागाचेही आले. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक नाट्यपदांच्या तबकड्यांवर जे नाही, ते कवीचे नाव. आता तबकड्या गेल्या, फिती गेल्या, खिशातल्या मोबाइलवर गाणे येते. तेथेही गायकाची तसबीर झळकते आणि पदकार बहुधा गैरहजरच असतो. काही हौशी संग्राहकांनी पदरमोड करून ही नावे नोंदवून ठेवली आहेत. त्यांना आमचे वंदन. पण सारी जबाबदारी त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता त्या खुंटीकडे वळू. ‘सौभद्र’ वाचणाऱ्याला एक गोष्ट लगेच दिसते: त्यातले पद हे बहुतेक वेळा संवादाचाच पुढला तुकडा असते. नारद बातमी सांगतो ती पदात, सुभद्रा आपली कुचंबणा बोलते ती पदात, कृष्ण थोरल्या भावाला झुलवतो तोही पदात. साकी, दिंडी, कामदा यांसारखी छोटी वृत्तजाती अण्णासाहेबांनी जागोजाग पेरली. ती कथेचा गाडा ओढतात. तबकडीच्या दुकानात या साक्या-दिंड्यांना फारशी किंमत नव्हती. राग ज्यात खुलतो अशी निवडक पदे तेवढी उचलली गेली, तीही पुष्कळदा कडवी गाळून, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटे मावत. पुढच्या गायकांनी पुस्तक न उघडता तबकडीवरून पद उचलले. जे कडवे तबकडीत नाही ते त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. जो शब्द तबकडीत अस्पष्ट तो त्यांच्याही गळ्यात अस्पष्ट. छापील प्रत मात्र कपाटात स्वच्छ पडलेली!

गंमत अशी की त्या तीन मिनिटांनी एका परीने अण्णासाहेबांना न्यायच दिला. त्यांची पदे मुळात आटोपशीर, बोलण्याच्या जवळची. एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत घेत घोळवण्याची चाल पुढची. तबकडीने गवयाला पुन्हा लगाम घातला. पण हा न्याय यंत्राच्या अडचणीतून झाला, विचारातून नव्हे.

कोणी म्हणेल, अण्णासाहेबांनी तरी सारे स्वतःचे कोठे आणले? ‘शाकुंतल’ कालिदासाचे, चाली कीर्तनातल्या, कानडी पदांतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या, गवयांच्या चिजांतल्या. खरे आहे. पण जुने नाट्यपुस्तक उघडून पाहा: पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचा उल्लेख छापलेला असतो. घेतले ते नाव सांगून घेतले. शिवाय तयार चालीत मराठी अक्षरे बसवणे हे काही पोरखेळ नाही. दीर्घ स्वर कोठे यावा, जोडाक्षर कोठे टाळावे, अर्थ न मोडता सम कोठे गाठावी, हे सारे त्यात येते. गवयाला जे पद ‘सहज गळ्यात बसते’ ते कुणीतरी बसवून दिलेले असते. ज्या गृहस्थाने परक्या चालीचे ऋण पदाच्या माथ्यावर लिहिले, त्याचे शब्द घेताना आपण तेवढीही रीत पाळू नये, याला काय म्हणावे?

हे एकट्या किर्लोस्करांचेच दुःख नाही. ‘एकच प्याला’तील पदे कुणाची, असे विचारा, दहापैकी आठ जण गडकऱ्यांचे नाव घेतील, उरलेले दोघे बालगंधर्वांचे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले, आणि त्यातली पदे आहेत विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गुर्जर पुढे कितीतरी वर्षे हयात होते. सिंधूच्या तोंडचे आपले शब्द दुसऱ्याच्या नावाने वाखाणले जात असताना ऐकणे त्यांच्या वाट्याला किती वेळा आले असेल, याची कल्पनाच करावी.

पैशाचा प्रश्न येथे नाही. अण्णासाहेबांच्या पदांवरील हक्क केव्हाच संपले. ती आज सर्वांची आहेत. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटातील गीतकारांना मानधनाचा न सोडता येणारा वाटा मिळाला, ते ठीकच झाले. पण ज्याला वारस म्हणून केवळ रसिकच उरले आहेत त्याच्यासाठी कोणता कायदा धावणार? आमचे मागणे लहान आहे. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात निवेदक गायकाच्या गुरुपरंपरेवर पाच मिनिटे बोलतो. त्याने पदकाराचे नाव घ्यायला पाच सेकंद द्यावीत. शाळेच्या स्पर्धेत मुलगी पद म्हणायला उभी राहिली की रागाच्या आधी तिने कवी सांगावा. आणि गाणे शिकवणाऱ्यांनी तबकडी ऐकवण्यापूर्वी नाटकाची प्रत हातात द्यावी.

त्या बैठकीच्या शेवटी आम्ही निघालो तेव्हा यजमानांची धाकटी मुलगी तबकड्या पाकिटांत भरत होती. तिने आम्हाला थांबवून विचारले, “काका, ते किर्लोस्करांचे पूर्ण नाव काय म्हणालात?” आम्ही सांगितले. तिने पेन्सिल घेऊन ते पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिले, आणि मग दुसरे पाकीट पुढे करून म्हणाली, “आणि ह्याचे?” ते नाव आम्हालाही आठवेना. घरी येऊन पुस्तक शोधावे लागले.