मॉरिशसला जाताय? थोडा गृहपाठ करून जा!



उन्हाळी सुट्टीचे बेत आता घरोघरी चालू झाले असतील. आमच्या बोरिवलीत तर रोज पेपरातून टूरची पत्रकं पडतात. त्यात दुबई, थायलंडच्या खाली मॉरिशस असतंच. ते बघितलं की मला माझी एक चूक आठवते. आज तीच तुम्हाला सांगते.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही घरचे चौघं ग्रुप टूरने मॉरिशसला गेलो. समुद्र, स्पीडबोट, शामारेलची सात रंगांची माती आणि भरपूर फोटो. पाच दिवस कसे संपले कळलंच नाही. आपल्याकडे सुट्टी होती, पण तिथे शाळा चालू होत्या. बसच्या खिडकीतून गणवेशातली मुलं रोज दिसायची. मी स्वतः शिक्षिका, पण ही मुलं काय शिकतात हे मी एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी विमानतळावर सोडायला आलेले ड्रायव्हरकाका हिंदीत म्हणाले, "माझी मुलगी शाळेत मराठी शिकते." मी उडालेच! त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. घरात सगळे क्रियोल बोलतात, पण मुलीने मराठी शिकलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बोलायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती.

घरी येऊन मग वाचत बसले. १८३४ पासून भारतातून करारावर नेलेले जवळपास पाच लाख मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांत मराठी माणसंही होती. आज तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आणि देश केवढा? लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आपल्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांच्या वर होती!

आता सांगा, पालकसभेत आपण काय ऐकतो? "बाई, मराठी शिकून पुढे उपयोग काय?" हा प्रश्न चुकीचा नाही, पालकांना मुलांच्या भविष्याची काळजी असते. पण घरात मराठी बोलली जात नसतानाही तो बाप मुलीला ती शिकवतोय. आपल्या घरात ती आयती आहे आणि आपण ती सोडायला निघालोय.

"सुट्टीत तरी मुलांना शाळा नको," असं काही जण म्हणतील. मान्य. समुद्रावर खेळू द्याच. पण छोटा देश म्हणजे दोन दिवसांत बघून संपणारी जागा, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. एवढंच करा:

१. निघण्याआधी मुलांना नकाशात तो देश शोधायला लावा.
२. तिथली माणसं कुठून आली, कोणती भाषा बोलतात, हे एकत्र वाचा.
३. एक सकाळ आप्रवासी घाटासाठी राखून ठेवा.
४. ड्रायव्हर, दुकानदार यांच्याशी पहिल्याच दिवशी बोला. माझ्यासारखं शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

शिक्षकांनो, सुट्टीनंतर "कुठे गेला होतास?" एवढंच विचारू नका. "तिथली मुलं शाळेत काय शिकतात?" हेही विचारा. उत्तरं ऐकून मलाही नक्की कळवा.