करहेकाठचा कांदा आणि निर्यातीची दारे

बारामती म्हटले की नागर वाचकाच्या डोळ्यांसमोर ऊस आणि साखर कारखाने उभे राहतात. हे चित्र खोटे नाही. पण ते नीरेच्या कालव्याखालचे आहे. गेल्या शतकाच्याही आधी, 1880 च्या दशकात निघालेला तो डावा कालवा जिथे पोचला तिथे बागाईत झाली. करहेकाठचे मोरगाव, सुपे हा भाग त्याच्या बाहेर राहिला. मयूरेश्वराच्या दर्शनास जाणारे हजारो भाविक हा जिराईत मुलूख पाहतात, परंतु त्याचा विचार क्वचितच करतात.

जगाच्या बाजारपेठेशी दोघांचीही गाठ आहे. साखरेची निर्यात जून 2022 पासून सरकारने नियंत्रणाखाली आणली, तेव्हा तिचा पहिला धक्का कारखान्यांना बसला. उसाला मात्र कायद्याचा किमान भाव होताच. 2025-26 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलमागे 355 रुपये आहे. विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर कांदा पिकवणाऱ्या जिराईत भागातील शेतकऱ्याला असा कोणताही आधार नाही. त्याचा भाव बाजार ठरवतो, आणि बाजार दिल्लीच्या एका अधिसूचनेने बदलतो.

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले, ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्य टनास 800 डॉलर झाले, आणि 8 डिसेंबरला सरसकट बंदी आली. ही बंदी 31 मार्चपर्यंतच असल्याचे सांगण्यात आले होते. ती उठली 4 मे 2024 ला, तीही शुल्क कायम ठेवून. ते शुल्क पूर्णपणे जाण्यास 1 एप्रिल 2025 उजाडला. खरिपाचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, हे कृषिभवनातील अधिकाऱ्यांना ठाऊक नसेल असे आम्ही मानीत नाही. डिसेंबरात ज्याचे पीक काढणीस आले होते, त्याला मे महिन्यातील औदार्याचा काय उपयोग?

शहरातील गरिबाला कांदा परवडला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. गॅट कराराच्या 11 व्या कलमानेही टंचाईच्या काळी तात्पुरत्या निर्यातबंदीस मुभा दिली आहे. आक्षेप आहे तो भार कोणी वाहावा याबद्दल. आम्हां पगारदारांचा, म्हणजे या पत्राच्या बहुसंख्य वाचकांचा, स्वयंपाकघरातील खर्च सावरण्यासाठी कोरडवाहू कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीवर घाला पडतो, आणि त्यास आपण महागाईवरील उपाय म्हणतो! बाहेरचे नुकसान तर वेगळेच. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया येथील व्यापारी आपल्या भरवशाच्या प्रतीक्षेत बसून राहत नाही. तो दुसरीकडे माल शोधतो.

निर्यातीचे धोरण रोपे टाकण्यापूर्वी जाहीर व्हावे, आणि हंगामाच्या मध्यावर बंदी अटळच ठरली तर शेतात असलेला माल सरकारने बंदीपूर्वीच्या भावाने उचलावा. तसा खर्च अर्थसंकल्पात दिसेल, त्यावर संसदेत चर्चा होईल. आज तो करहेकाठच्या शेतकऱ्याच्या वहीत मांडला जातो, आणि तेथे त्याचा हिशेब विचारणारा कोणी नाही.