ओढ्याच्या दोन काठांवर

दिवाळीआधी माळे झाडले जातात, फुटके डबे आणि रद्दी बाहेर पडते, भिंतींना रंग चढतो. फाल्गुनात होळी, पौषात संक्रांत. साचलेले काढून टाकण्याची सोय आपल्या पंचांगाने वर्षात दोन-चारदा करून ठेवली आहे. घराच्या बाबतीत ती आपण निष्ठेने पाळतो. मनाच्या बाबतीत उरकून टाकतो. वर्षभर अबोला धरलेल्या जावा संक्रांतीला एकमेकींच्या हातावर तिळगूळ ठेवतात, गोड बोलायचे वचन देतात आणि पाठ वळताच जुने प्रकरण पहिल्या पानापासून सुरू होते. दोष तिळाचा नाही. कडू बाहेर पडण्याआधीच गोड वाढले, इतकेच.

हा क्रम सातारा जिल्ह्यातल्या दोन गावांना बरोबर कळला असावा. खंडाळा तालुक्यात (हे खंडाळा पुणे-सातारा रस्त्यावरचे, बोरघाटातले नव्हे) लोणंदच्या बाजूला सुखेड आणि बोरी ही शेजारची गावे आहेत. मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका वाजतगाजत ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याचे नाव 'बोरीचा बार'. मुळाशी दोन सवतींचे भांडण होते, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथे येत राहिल्या, याअर्थी भांडण फक्त त्या दोघींचे नसावे.

शहरी माणूस हा प्रकार गंमत म्हणून पाहायला जातो आणि छायाचित्रे काढून परततो. मला त्यातली शिस्त मोठी वाटते. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्ये पाणी. पलीकडे जायचे नाही. कोणी जाऊ नये म्हणून हल्ली पोलीसही उभे असतात. शिवी एका बाईला नसते, समोरच्या काठाला असते. आणि मुख्य म्हणजे ती संपते. एरवी घरात 'तू गप्प बस' ऐकणारी बाई त्या दिवशी गावादेखत तोंड भरून बोलते आणि घरी जाऊन चुलीपुढे बसते. संताप व्यक्त करणे असभ्य, हे आपण पांढरपेशांनी ठरवले. तो साठवणे आरोग्याला बरे, असे मात्र कोणीच सिद्ध केलेले नाही.

साठवण्याचे शास्त्र शिकायचे तर कृष्णेच्या काठाने खाली सांगलीला यावे. वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची ती जमिनीतल्या पेवांत. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद टिकते. पण त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. तोंड मोकळे ठेवून कोंडलेली हवा जाऊ देतात, कंदील आत सोडून पाहतात. तो विझला तर माणसाने थांबायचे. २००५ च्या महापुराने यांतल्या बऱ्याच पेवांत पाणी घातले आणि हळद नासली. मनातली जुनी पेवे आपण मात्र लग्नाच्या मांडवात नाही तर तेराव्याच्या पंगतीत धाडकन उघडतो, आणि पहिला उतरतो तो गुदमरतो.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला या सगळ्यात एक ओळखीचा हिशेब दिसतो. एके काळी बुडीत कर्जावरही व्याज आकारून ते नफ्यात दाखवले जाई. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर, १९९२-९३ पासून, जे व्याज हाती आलेले नाही ते उत्पन्न धरता येईना, आणि अनेक बँकांचे खरे रूप उघडे पडले. कोणे एके काळच्या अपमानावर आपणही असेच व्याज चढवत असतो आणि स्वतःला श्रीमंत समजत असतो. ते कर्ज निर्लेखित करावे. पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे बँकेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. ताळेबंदातून रक्कम जाते. वसुलीचा हक्क जात नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'सोडून दे' हा उपदेश आपल्याकडे नेहमी ज्याच्या पदरात कमी त्यालाच होतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्यानंतरही साताऱ्यात काय, सांगलीत काय, बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करीतच आल्या आहेत. पुढारलेल्या घरांतल्यासुद्धा. 'माहेर तुटेल' एवढे एक वाक्य पुरते. सही करून ती घरी येते, साडीचोळी घेते आणि हसते. जमीन सुटलेली असते. मनातले काहीच सुटलेले नसते, उलट त्या दिवसापासून व्याज सुरू होते. आणि मग तिच्याच कुढ्या स्वभावाची चर्चा होते.

बोरीच्या बारानंतर तिथीने नऊ दिवसांनी राखीपौर्णिमा येते. तेवढ्या अवधीत एखाद्या बहिणीने भावासमोर बसून 'माझा वाटा किती?' एवढे विचारले, त्यानेही तिचे शेवटपर्यंत ऐकून घेतले, वाटा घ्यायचा की ठेवायचा हे तिचे तिने ठरवले आणि मग राखी बांधली, तर ती राखी मला संक्रांतीच्या तिळगुळापेक्षा खरी वाटेल.