नाव झाका, आरोप झाकू नका

सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही 'सी.आर.' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. 'तुझा सी.आर. बघतोच' एवढे साहेबांनी म्हटले की भलाभला माणूस गप्प बसायचा. हा गोपनीय अहवाल कर्मचाऱ्याबद्दल असे, पण कर्मचाऱ्याला दिसत नसे. फार तर प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई.

ही पद्धत मोडायला एका अभियंत्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. देव दत्त हे सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. त्यांच्या एका वर्षाच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कळवला नाही, आणि कळवलाच नाही म्हणून त्याविरुद्ध दाद मागता आली नाही. बढती मात्र गेली. 2008 साली न्यायालयाने स्पष्ट केले की शेरा कोणताही असो, तो ज्याच्याविषयी आहे त्याला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण मूल्यमापन अहवाल संबंधितांना दाखवण्याचा आदेश काढला.

आणि मग काही वर्षांतच केंद्रातल्या वरिष्ठ पदांचे पॅनेल ठरवताना '360 अंशांचे' मूल्यमापन आले. उमेदवाराचे वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे लोक यांना त्याच्याबद्दल विचारायचे. कोण काय बोलले हे त्याला कळणार नाही. लेखी अहवालात जो तो 'उत्कृष्ट'च असतो, सचोटी कागदावर दिसत नाही, हे त्यामागचे कारण. कारण खोटे नव्हते. पण 2017 मध्ये संसदेच्या कार्मिक व विधी खात्यांच्या स्थायी समितीने ही पद्धत अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ ठरवली, आणि मते अनौपचारिकपणे गोळा केली जात असल्याने त्यांत फेरफार होण्याचा धोका आहे असेही नोंदवले. न्यायालयाने उघडलेले पाकीट सरकारने असे पुन्हा चिकटवले.

खासगी नोकरीत तर पाकीटही नसते, फोन असतो. पडताळणी करणाऱ्या कंपन्या पदवी, पत्ता, आधीच्या नोकरीच्या तारखा तपासतात, त्याबद्दल तक्रार नाही. खोटे प्रमाणपत्र पकडले गेलेच पाहिजे. तक्रार आहे ती उमेदवाराने न सुचवलेल्या जुन्या सहकाऱ्याला गाठून, 'तुमचे नाव कुठे येणार नाही' असे सांगून काढलेल्या मताबद्दल. 'काम ठीक आहे हो, पण टीममध्ये मिसळत नाही.' झाले! उमेदवाराला दोन ओळींचा मेल जातो की आपल्यापेक्षा योग्य उमेदवार मिळाला आहे.

मिसळत नाही म्हणजे काय? कदाचित तो खरोखरच भांडखोर असेल. कदाचित तो शुक्रवारी दुपारी तासभर जागेवर नसतो आणि पार्टीला थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल. कदाचित सांगणारा त्याच बढतीच्या रांगेत उभा होता. यातले काय खरे, हे विचारायचे कुणाला? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. तिथे कंपनीसमोर फक्त कागदावरचे नाव होते. त्या चाळणीतून निघून मुलाखतीत उतरलेल्या मुलामुलींपुढे आता ही दुसरी, न दिसणारी चाळणी आहे. अर्थात प्रश्न फक्त आपल्या समाजाचा नाही. देव दत्त काही मुसलमान नव्हते.

नावानिशी कोण खरे बोलेल, असे विचारले जाते. त्रास देणाऱ्या साहेबाबद्दल एखादी मुलगी उघडपणे कशी बोलणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा पाहावा. तक्रारदार स्त्रीची ओळख बाहेर जाहीर करायला तिथे बंदी आहे, पण तक्रारीची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला द्यावीच लागते आणि त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. एवढ्या गंभीर आरोपात जे शक्य आहे, ते 'मिसळत नाही' या शेऱ्यात का शक्य नसावे?

अमेरिकेत त्रयस्थ संस्थेच्या पडताळणी अहवालावरून नकार द्यायचा असेल, तर त्याआधी अहवालाची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी निदान सांगणाऱ्याचे नाव वगळून मजकूर तरी उमेदवारासमोर ठेवावा आणि उत्तरासाठी चार दिवस द्यावेत. आणि असा फोन आपल्यापैकी कुणाला आला, तर समोरच्याला आधी एकच विचारावे: मी आता जे सांगेन ते तुम्ही त्याला दाखवणार आहात का? नसाल, तर मी त्याच्याबरोबर कोणत्या कामावर किती वर्षे होतो एवढेच लिहून घ्या.