शाळांभोवतीची हद्द आधी आखून द्या

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका



सदाशिव पेठेतल्या एखाद्या टपरीवर सकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. अभ्यासिकेतून उठून आलेली मुलं चहाबरोबर एक सिगारेट मागतात. टपरीवाला फोडलेल्या पाकिटातून ती काढून देतो. पाकिटाच्या 85 टक्के भागावर छापलेला धोक्याचा इशारा मात्र त्याच्या फळीवरच राहतो, पिणाऱ्याच्या नजरेस पडतच नाही. म्हणूनच राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी केली. निर्णय योग्यच होता. पण तो टपरीवाल्याला नीट समजावून कोणी सांगितला?

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार इशाऱ्याविना माल विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाला तंबाखू दिली, तर बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत. दुकानावर 60 बाय 30 सेंटिमीटरची सूचनापाटी लावणंही सक्तीचं आहे. आयुष्य रस्त्यावर काढलेल्या माणसाला हे सगळं कारवाईची गाडी दारात आल्यावर कळावं, हा अन्याय आहे.

त्यात शंभर यार्डांचा नियम. शिक्षणसंस्थेच्या कुंपणापासून चारी बाजूंना सुमारे 91 मीटरपर्यंत तंबाखू विकता येत नाही. आता आपल्या पेठांचा नकाशा समोर घ्या. टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूल आणि स. प. महाविद्यालय, आत ज्ञानप्रबोधिनी, अप्पा बळवंत चौकात नूमवि, शिवाय गल्लीबोळांतल्या लहान शाळा. प्रत्येकीभोवती हे वर्तुळ काढलं, तर मोकळी जागा कितीशी उरेल? आपली टपरी हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे टपरीवाल्याने कशावरून ओळखायचं? ही मोजणी महापालिकेनेच करायला हवी. हद्द रस्त्यावर रंगाने आखावी आणि आतल्या प्रत्येक विक्रेत्याला मराठीत लेखी कळवावं.

मुलांच्या फुप्फुसांपुढे कुणाचाही धंदा मोठा नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही सुटी सिगारेट बंद झाली की टपरीचा गल्ला घटणार, हे मान्य करून पुढचा विचार करावा लागेल. पथविक्रेता समितीमार्फत या लोकांना दुसरा माल ठेवण्यासाठी किंवा जागा बदलून घेण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. नव्या मालासाठी पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज मिळवून देण्यात क्षेत्रीय कार्यालयांनी मदत करावी. मुदत संपल्यावर मात्र कुणाची गय नको, आणि हद्दीतल्या टपऱ्यांना माल पोचवणाऱ्या वितरकांनाही जाब विचारावा.

नुसत्या बंदीने काय होतं, ते गुटख्याच्या बाबतीत आपण पाहिलं. 2012 मध्ये बंदी आली आणि पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकली जाऊ लागली.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी किमान पेठांमधली मोजणी पूर्ण करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पुणेकर नागरिक