काटकसर की कुचंबणा?

बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे घालवली की माणसाच्या मनाचा एक कोपरा उमगतो. रोख नोट मोजून देताना हात जसा कचरतो, तसा उधारीवर सही करताना कचरत नाही. दक्षिण आफ्रिकेतील शहरांनी विजेच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट हेरली आहे.

तिथल्या लक्षावधी घरांत प्रीपेड मीटर आहेत. दुकानात आधी पैसे भरायचे, वीस आकडी क्रमांक घ्यायचा आणि घरी येऊन तो मीटरवर दाबायचा. केप टाउनच्या मिचेल्स प्लेन वस्तीत २०१४-१५ साली चार हजारांहून अधिक घरांची महिनाअखेरीची बिले थांबवून असे मीटर बसवले गेले. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा विजेचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी उतरलेला दिसला.

आवाहनाचा मार्गही तिथे चोखाळून झाला. २००८ साली वीजटंचाईने उग्र रूप धारण केल्यावर एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हिरव्या, नारिंगी, लाल रंगांत विजेवरचा ताण दाखवून लोकांना गीझर बंद करायला सांगितले. मध्यमवर्गीय घरात सर्वाधिक वीज गीझरच खातो, म्हणून सल्ला योग्यच होता. तरीही २०२३ साली जवळजवळ रोज भारनियमन झाले. कारण मूळ दुखणे जुन्या, वारंवार बंद पडणाऱ्या वीजकेंद्रांचे होते. गृहिणीने बटण बंद केले म्हणून तिकडचा बॉयलर दुरुस्त होत नाही.

आणि बचत तरी कोणाची? गीझर असलेले घर अर्धा तास कमी पाणी तापवते. पण ज्या घरात दोन दिवे आणि एक शेगडी, तिथे भरलेले पैसे संपले की अंधारच. गरीब कुटुंबांना महिन्याला ५० युनिट मोफत देण्याचे धोरण तिथे २००३ पासून आहे. मोठ्या कुटुंबाला ते कितीसे पुरणार?

आपल्याकडेही २०२४ साली स्मार्ट प्रीपेड मीटरवरून वादळ उठले आणि सामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. मीटर वाईट नाही. वापर डोळ्यांना दिसला की माणूस सावध होतो, हे खरेच. मात्र युनिट कमी झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. ते घर काटकसर करते आहे की कुचंबते आहे, हे मीटर सांगत नाही. ते दार ठोठावूनच विचारावे लागते.